इमारतभर शब्दकोश

फुकट मिळालेली वस्तू घरी आणायला टेम्पो करावा लागत असेल, तर ती फुकट नसते, असं मूळशोध्यांच्या बायकोचं स्पष्ट मत होतं. मूळशोध्यांचं मत असं की, शब्दकोश ही मुळात वस्तूच नव्हे. दोघंही आपापल्या मतावर ठाम राहिले आणि टेम्पो इमारतीच्या दारात येऊन उभा राहिला.

टेम्पोत बारा खंड होते. प्रत्येक इंग्रजी शब्द कुठून आला, पूर्वी त्याचा अर्थ काय होता आणि पुढे तो कसकसा बिघडत गेला, याची साद्यंत हकीकत सांगणारे जाडजूड, काळपट खंड. सार्वजनिक ग्रंथालयाला कॉम्प्युटरसाठी जागा हवी होती, म्हणून ते रद्दीत निघाले होते. मूळशोध्यांनी ग्रंथपालांसमोर असा काही चेहरा केला की, त्यांनी ते देऊन टाकले. अट एकच घातली. येत्या रविवारी ग्रंथालयाच्या सभागृहात जुन्या इंग्रजी शब्दांच्या जन्मकथांवर तासभर बोलायचं. माणसं आली तर दर महिन्याला व्याख्यान, नाही आली तर सभागृह केसगळती निवारण शिबिराला.

मूळशोधे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे, ते इमारतीने बहाल केलेलं. सगळी नोकरी त्यांनी आवक-जावकच्या टेबलावर केली. आलेल्या प्रत्येक कागदाला कुठून आलास, कधी आलास, कोणाकडे निघालास, हे विचारण्यात केस पिकले. निवृत्त झाल्यावर कागद येईनासे झाले, तेव्हा ते हेच प्रश्न शब्दांना विचारू लागले. लिफ्टमध्ये कोणी सहज 'विंडो' म्हणालं की, हा शब्द म्हणजे 'वाऱ्याचा डोळा', हे मूळशोधे दोन मजल्यांच्या आत सांगून मोकळे होत. पुष्कळ लोक पहिल्याच मजल्यावर उतरून जिन्याने वर जात.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. इतक्या वर्षांत मूळशोध्यांना कुणीही 'तुम्ही बोला' असं म्हटलेलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या निरोपसमारंभातही साहेबांचं भाषण इतकं लांबलं की, ते उत्तराला उभे राहिले तेव्हा लोक खाण्याच्या टेबलाकडे वळले होते. त्यांनी खुर्च्यांना धन्यवाद दिले आणि खाली बसले. त्याचं त्यांना फार लागलं होतं. त्यामुळे 'तासभर बोला' हे ग्रंथपालांचे शब्द कानावर पडले, तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला. हे व्याख्यान होणार म्हणजे होणार, आणि नीट होणार, असं त्यांनी तिथेच ठरवून टाकलं.

पहिलं घोडं अडलं ते खिडकीपाशी. खंड ठेवण्याजोगी जागा घरात तेवढी एकच होती, खिडकीखालची. मूळशोध्यांनी तिथे फळ्या रचल्या, खंड लावले, दोन पावलं मागे जाऊन कौतुकाने पाहिलं, आणि दाराची बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे इंजिनिअर उभे होते. हातात मोजायची टेप.

"काय ठेवलंत हो वर? माझ्या छतातून आवाज आला."

"शब्दकोश."

"किती वजनाचा?"

हा प्रश्न शब्दकोशाच्या बाबतीत जगात आजवर कोणी विचारला असेल असं मूळशोध्यांना वाटेना. इंजिनिअर आत आले. त्यांनी एक खंड हातात घेतला, डोळे मिटून तोलला, मग तो दोन्ही हातांनी धरून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. काटा गरकन फिरला आणि तिथेच राहिला, तो पुढे कधी मागे आला नाही. बायकोने काट्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली.

त्या संध्याकाळी सोसायटीच्या कमिटीची तातडीची बैठक भरली. इमारतीत याआधी पियानो आला होता, एक अख्खी पिठाची चक्की आली होती, तेव्हा बैठक भरली नव्हती. पण पुस्तकं म्हटल्यावर लोकांना धोका वाटला. इंजिनिअरनी खडूने फरशीवर चौकोन काढून समजावून दिलं, "हे बघा, वजनाला माझी हरकत नाही. एका जागी एकवटलेल्या वजनाला आहे. पसरलेलं वजन स्लॅबला कळतसुद्धा नाही."

"मग पसरा ना," कोणीतरी म्हणालं.

बोलणारा घरात पसरा म्हणत होता. पण आमच्या कमिटीचं असं आहे की, एकदा शब्द हाती लागला की ती त्याचा ठराव करते. ठराव झाला तो असा: स्लॅबच्या सुरक्षिततेसाठी सदर शब्दकोश संपूर्ण इमारतीत समप्रमाणात पसरवावा, प्रत्येक घरी एक खंड. शिवाय इमारतीत बारा घरं आणि शब्दकोशाचे बारा खंड हा योगायोग पाहून सगळे इतके खूश झाले की, मूळशोधे हात वर करून उभे आहेत हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

चिठ्ठ्या टाकल्या. मूळशोध्यांच्या वाट्याला शेवटचा, 'व्ही ते झेड' आला. तेवढंच समाधान म्हणून त्यांनी 'वाइफ' उघडून पाहिला. पूर्वी याचा अर्थ नुसता 'स्त्री' असा होता, त्यापलीकडचं मूळ निश्चित सांगता येत नाही, असं लिहिलं होतं. मूळशोध्यांना ते पूर्णपणे पटलं.

दुसऱ्या दिवसापासून व्याख्यानाची तयारी म्हणजे जिने चढणं आणि उतरणं झाली. एका शब्दाचं मूळ पाहावं, तर तिथे 'अमुक शब्द पाहा' म्हणून लिहिलेलं असे, आणि तो अमुक शब्द दोन मजले वर राहत असे. 'लेडी' पाहायला ते दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी खंड दवाखान्याच्या खोलीतच ठेवला होता, त्यामुळे आधी खुर्चीत बसावं लागलं. बसलेच आहात तर बघू, म्हणून त्यांनी एक दाढ ठोकून पाहिली आणि लवकरच काढावी लागेल असं सांगितलं. मूळशोध्यांनी तोंडात कापूस घेऊन 'लेडी' वाचला. मुळात 'पाव मळणारी'. घरी जाऊन त्यांनी ही बातमी मोठ्या उत्साहाने बायकोला दिली.

"किती जुनं म्हणालात?" बायकोने परातीतून मान वर न करता विचारलं.

"हजार वर्षं तरी सहज."

"मग बदललं काय त्यात?" ती म्हणाली आणि कणकेला एक जोरात गुद्दा मारला.

इथवर ठीक होतं. पण मूळशोध्यांच्या ध्यानात न आलेली गोष्ट ही की, घरात आलेलं पुस्तक लोक कधी ना कधी उघडतातच. शिकवणीच्या बाईंना 'एन' आला होता. त्यांनी 'नाइस' उघडला, तर जुना अर्थ 'अडाणी, मूर्ख'. मुलांच्या वह्यांवर जन्मभर लाल शाईने 'नाइस' लिहिणाऱ्या त्या बाई, त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांनी शेरे लिहिणं बंद केलं, तेव्हा आमचं मूल एकाएकी ढ कसं झालं, म्हणून पालक विचारायला येऊ लागले. डॉक्टरीणबाई पेशंटच्या जबड्यात सुई टोचताना 'मसल म्हणजे मुळात छोटा उंदीर बरं का' असं सांगू लागल्या, त्याने दोन पेशंट उठून गेले. इंजिनिअरांना 'ई' मिळाला होता. इंजिनच्या मुळाशी 'जन्मजात बुद्धी' अशा अर्थाचा लॅटिन शब्द आहे हे त्यांना कळलं आणि त्यानंतर त्यांच्याशी बोलणंच अवघड झालं. आता लिफ्टमध्ये मूळशोधे गप्प असत आणि बाकीचे त्यांना शब्दांची मुळं सांगत. घरचा कारभार भाडेकरूंच्या हाती जावा तसं त्यांना वाटू लागलं. पण माणूस चिवट. रोज सकाळी ते कागद-पेन्सिल घेऊन जिन्याला लागत.

खरा पेच होता 'एस'चा. 'एस' गेला होता खजिनदारांकडे.

खजिनदार मूळशोध्यांच्या बरोबर वर राहत आणि त्यांच्या बाथरूमचं पाणी मूळशोध्यांच्या बाथरूममध्ये ठिबकत असे. मूळशोधे छत्री उघडून आंघोळ करत. त्यांनी कमिटीकडे लेखी तक्रार केली होती, खजिनदारांनी ती हवेतली आर्द्रता असल्याचं कळवलं होतं, आणि तेव्हापासून दोघंही एकमेकांना जिन्यात पाहून भिंतीकडे बघत. आता त्याच दारापुढे जाऊन उभं राहायचं म्हणजे मानी माणसाला फार झालं. पण इलाज नव्हता, कारण व्याख्यानाची सुरुवातच 'सिन्सियर' या शब्दाने करायची होती.

त्याचं कारण असं. जुन्या काळी लबाड शिल्पकार मूर्तीच्या चिरा मेणाने बुजवत, म्हणून ज्या मूर्तीत मेण नाही ती 'सिन्सियर', मेणाविना, अशी एक गोष्ट सांगतात. ही गोष्ट खजिनदारांची फार लाडकी. त्यांच्या साहेबांनी निरोपाच्या भाषणात ती सांगून 'असा बिनमेणाचा माणूस पुन्हा होणे नाही' असं म्हटलं होतं, आणि तेव्हापासून हिशेब मंजुरीला ठेवण्याआधी खजिनदार दर सर्वसाधारण सभेला ती ऐकवत. मूळशोध्यांना मात्र या गोष्टीचा पहिल्यापासून संशय होता. फारच गुळगुळीत वाटायची. खात्री मात्र नव्हती, आणि ज्यावर शिक्का नाही तो कागद पुढे सरकवायचा नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं.

खजिनदारांनी लाकडी दार उघडलं, जाळीचं उघडलं नाही.

"काय पाहिजे?"

"एक शब्द बघायचा होता. 'सिन्सियर'."

खजिनदारांचा चेहरा क्षणभर बदलला. मग ते म्हणाले, "त्यात बघायचं काय? मी सांगतोच दरवर्षी."

"तरी पण पुस्तकात काय आहे ते..."

"लीकेजची तक्रार मागे घ्या, हवं ते पान उघडतो."

"तक्रार मागे घेणार नाही," मूळशोधे म्हणाले.

"मग क्रमाने येऊ द्या. मी पहिल्या पानापासून वाचतोय. जबाबदारीच्या जागेवरचा माणूस मधलंच पान उघडत नाही. तुम्हाला ऐकायचं असेल तर रोज सकाळी या, मोठ्याने वाचतो."

आणि खरोखरच तो गृहस्थ मोठ्याने वाचू लागला. जाळीच्या आत खुर्ची टाकून, सभेचं इतिवृत्त वाचावं तशा आवाजात. बाहेर जिन्यात मूळशोधे उभे. सॅक झालं, सॅक्रिफाइस झालं. 'सॅड' म्हणजे पूर्वी 'पोट भरलेला, तृप्त' हे कळलं तेव्हा दोघांनी एकदमच "अस्सं?" म्हटलं आणि लगेच दोघंही भिंतीकडे बघू लागले.

"एका शब्दासाठी रोज जिन्यात उभं राहायचं?" बायकोने विचारलं. "तक्रार करून छत्री काही सुटली नाही. घ्या की मागे."

"शब्दासाठी नाही. तत्त्वासाठी."

"तत्त्वाला छत्रीच्या काड्या टोचत नाहीत," ती म्हणाली. पण तिनेच बाजारातून मोठी छत्री आणून दिली, हे इथे नमूद करायला हवं.

शनिवार उजाडला तरी खजिनदार 'शेड'च्या सावलीतच होते. मूळशोध्यांनी मनाशी ठरवलं, 'सिन्सियर' वगळायचा. बाकी मजकूर भरपूर आहे. त्यांचं स्वतःचं पद असलेला 'क्लार्क' हा शब्द एके काळी लिहिता-वाचता येणाऱ्या विद्वानाला, धर्मगुरूला लावत, हे त्यांनी शेवटाला राखून ठेवलं होतं. त्या वाक्यानंतर जरा थांबायचं, पाण्याचा घोट घ्यायचा, असं आरशापुढे ठरलं होतं. मग ते दारोदार गेले आणि उद्यापुरते खंड टेबलावर मांडायला द्या, म्हणून विनंती करू लागले. प्रत्येक घरी एकच उत्तर मिळालं.

"आमचा खंड दुसऱ्याच्या हाती कसा देणार? आम्हीच घेऊन येतो."

रविवारी सभागृह भरलं. अख्खी इमारत आपापला खंड मांडीवर घेऊन पुढच्या रांगांत बसली होती. मागे ग्रंथालयाचे नेहमीचे वाचक होते आणि तारीख चुकून केसगळतीसाठी आलेली बरीच मंडळी होती. ग्रंथपालांचा चेहरा फुलला होता. बायको बाजूच्या खुर्चीत बसली होती. मूळशोधे उभे राहिले, घसा साफ केला.

"मित्रहो, शब्द माणसांसारखेच असतात. ते कुठून तरी येतात..."

"उदाहरणार्थ इंजिन," इंजिनिअर उभे राहिले. त्यांनी दोन वाक्यांत सांगतो म्हणून सुरुवात केली आणि सुमारे दोन मजल्यांची उंची गाठली. ते बसतात न बसतात तोच डॉक्टरीणबाईंनी उंदीर काढला. लोक हसले. हसल्यावर शिकवणीच्या बाईंना धीर आला आणि त्यांनी 'नाइस'ची कर्मकहाणी सांगितली. लोक आणखी हसले. मूळशोधे उभेच होते. मधूनमधून "तर मी म्हणत होतो..." असं म्हणत होते. एकदा तर ते म्हणायला लागले तेव्हा मागून कोणीतरी "बसा हो, दिसत नाही," असंही म्हटलं. शेवटाला राखून ठेवलेला 'क्लार्क' दुसऱ्या मजल्यावरच्या 'सी'वाल्यांनी परस्पर सांगून टाकला, पाण्याचा घोटही न घेता. मूळशोध्यांना रडू यायचं बाकी होतं.

सगळ्यांत शेवटी खजिनदार उठले. खंड छातीशी धरलेला. त्यांनी मेणाची गोष्ट सांगितली. उत्तम सांगितली, सवयच होती. तो लबाड शिल्पकार, ती चीर, ते उन्हात वितळणारं मेण. "आणि म्हणून सिन्सियर म्हणजे मेणाविना!" टाळ्यांचा कडकडाट झाला. केसगळतीवाल्यांपैकी एकाने तर उभं राहून टाळ्या वाजवल्या.

आता बसावं, असं मूळशोध्यांना वाटलं. पण त्यांच्या आतला आवक-जावकवाला उठून उभा राहिला.

"याला आधार काय?" ते म्हणाले. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "खंड तुमच्या हातात आहे. उघडा."

"मी क्रमाने..." खजिनदार म्हणाले.

"उघडा ना," मागून आवाज आले.

खजिनदारांनी चष्मा लावला. पान शोधायला त्यांना फार वेळ लागला. सापडल्यावर ते मनातल्या मनात वाचू लागले. त्यांची मान खाली गेली, कान लाल झाले, आणि मूळशोध्यांना एकदम कळलं की, आपण काय करून बसलो. त्या म्हाताऱ्याचा सगळ्या नोकरीतला एकुलता एक मान त्या गोष्टीत होता. आपल्याला खुर्च्यांना धन्यवाद द्यावे लागले, त्याला निदान एक गोष्ट मिळाली होती. मूळशोध्यांना स्वतःचा मनापासून राग आला.

"राहू द्या," ते घाईघाईने म्हणाले. "अक्षर बारीक आहे. नंतर बघू."

"दिसतंय मला," खजिनदार म्हणाले. आणि इतिवृत्ताच्या त्याच खणखणीत आवाजात त्यांनी इंग्रजी मजकूर वाचून मराठीत सांगितला. "मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ स्वच्छ, निर्भेळ. मेणाविना ही जी जुनी उपपत्ती देतात, ती संभवत नाही." त्यांनी खंड मिटला. "म्हणजे मी इतकी वर्षं तुम्हा सर्वांना खोटं सांगितलं. माफी असावी."

 खजिनदार बसायला वाकले, आणि अर्ध्यातून पुन्हा सरळ झाले.

"उभाच आहे तर हेही सांगतो. पाणी माझ्याच बाथरूमचं आहे. आर्द्रता वगैरे काही नाही."

"मी तेव्हाच म्हणालो होतो," इंजिनिअर म्हणाले. ते असं काहीही म्हणाले नव्हते.

मग ज्या टाळ्या झाल्या, त्यांच्यापुढे आधीच्या टाळ्या काहीच नव्हत्या. शिकवणीच्या बाईंनी डोळे पुसले. ग्रंथपाल लगबगीने मंचावर आले, त्यांनी मूळशोध्यांचा हात हातात घेतला आणि जाहीर केलं की, कार्यक्रम दर महिन्याला होणार, आणि पुढच्या महिन्याचे वक्ते सन्माननीय खजिनदार. लोकांना असा माणूस ऐकायचा आहे. मूळशोध्यांनी आभार मानावेत, अशी त्यांनी विनंती केली. मूळशोध्यांनी आभार मानले. या खेपेला खुर्च्यांवर माणसं होती, एवढाच काय तो फरक.

घरी येताना बायको म्हणाली, "बरोबर होतात तुम्ही."

"तासभर होता माझा," ते म्हणाले. "चार वाक्यं बोललो मी."

"मोजली मी. तीनच." मग तिने त्यांच्या हातातली पिशवी घेतली. "पण ती तीन मला आवडली."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. बाहेर खजिनदार. मागे प्लंबर, पण तो सरळ वर गेला. खजिनदार आत आले, काखेतला 'एस' टेबलावर ठेवला आणि घाम पुसला.

"मूळशोधे, रात्रभर डोळा लागला नाही. त्या ग्रंथपालांनी मला तासभर बोलायला सांगितलंय. मला ती एकच गोष्ट येत होती हो, तीही काल गेली."

"मग?"

"तुम्ही सांगा ना मला. शब्द कुठून येतात, कसे येतात. अगदी पहिल्यापासून. मी ऐकतो." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मधे बोलणार नाही."

मूळशोध्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने उठून दाराची कडी लावली, बेलचं बटण बंद केलं आणि पदराला हात पुसत खजिनदारांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. मूळशोधे उभे राहिले, घसा साफ केला, पाण्याचा एक घोट घेतला आणि बोलायला लागले. दुपारी जेवायची वेळ टळून गेली तरी ते बोलतच होते.